काठाखालची फुली

माझा थोरला भाऊ, दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. एके दिवशी त्याने गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाटा मिनिटकाट्याच्या जागी बसवला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. तीन वर्षांनी तो वहिनीला विचारत होता, "तुम्ही कोणाकडे आलात?" मी बिलियर्ड्ससारख्या पूल खेळाची टेबलं दुरुस्त करतो. तेव्हापासून रोज दाढी करताना त्या टेबलाच्या सहाही काठांची मापं आरशासमोर घोकतो. बायको म्हणते, वेड लागलंय तुम्हाला. अगं बाई, तेच लागू नये म्हणून तर हे चाललंय.

एका क्लबवाल्याचं टेबल मी आणि माझ्या लेकीने काल उघडलं. काठांचं रबर पार मेलं होतं, बॉल आदळला की तिथेच मलूल व्हायचा. शिवाय बॉल पडायची कोपऱ्यांतली नि मधली भोकं, म्हणजे पॉकेटं, ऐसपैस. "आंधळाही बॉल घालतो हो, मिस्त्री," क्लबवाला म्हणाला. "आवळून द्या. परवा स्पर्धा आहे." पॉकेट आवळायचं म्हणजे त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना जाड रबरी पट्ट्या चिकटवायच्या. त्या तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले की गच्च बसले पाहिजेत. मग खेळणारे आम्हाला शिव्या घालतात. नाचता येईना, अंगण वाकडं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने काठाचं काम केलं, त्याने काठाखाली पेन्सिलीने खूण करायची. माझी फुली, लेकीचा गोल. काम बिघडलं तर कोणाचं, यावर वाद नको. यंदा दोनदा बिघडलं आणि दोन्ही वेळा गोल निघाला. एकदा रबर अर्धं बोट आखूड कापलेलं, एकदा पॉकेटाला एका बाजूला जाड पट्टी नि दुसऱ्या बाजूला पातळ. मी तिला गिऱ्हाइकासमोर चांगलं फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

काल तीन काठ मी केले, तीन तिने. आज सकाळी कापड ताणून बसवलं आणि काठ बोल्टने आवळले. मधेच हत्यारांच्या पिशवीत मला खोडरबर दिसलं. "हे कशाला? शाळेत नाव घातलंस की काय?" मी म्हटलं. तिने ते पटकन ॲप्रनच्या खिशात टाकलं.

मग बॉल मारून बघायला घेतले. पाच काठांवरून बॉल कापडाला धरून नीट परत आला. सहावा खिडकीकडचा. त्याच्यावर जोरात मारला तर बॉल टुणकन उडाला आणि थेट फरशीवर गेला.

असं एकाच चुकीने होतं. रबर उलटं चिकटवलं की त्याची धार खाली येते आणि बॉल उडी मारतो. डोळे मिटून काम केलं तरी जाणत्या हाताकडून हे होत नाही. खिडकीकडचा काठ कोणी केला होता? आठवेना. काल डोळ्यांवर ऊन येत होतं, ते आठवलं. मग वाटलं, ते ऊन दुसऱ्याच कुठल्या तरी क्लबातलं. दादाचं घड्याळ काही डोळ्यांपुढून हलेना.

"थांबा, मी खोलते," लेक म्हणाली. टेबलाखाली शिरून तिने बोल्ट काढले, काठ खिडकीपाशी नेला आणि माझ्याकडे पाठ करून पालथा केला. बराच वेळ ती त्याच्यावर वाकून होती.

"गोल आहे, बाबा. माझाच."

माझा जीव भांड्यात पडला. हसूच फुटलं मला. "अगं, लक्ष कुठे असतं तुझं? एवढी वर्षं शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी?"

"चुकलं," ती म्हणाली आणि गोंदाचा डबा आणायला बाहेर गाडीकडे गेली.

तेवढ्यात रबर सोडवून ठेवावं म्हणून मी काठ मांडीवर घेतला. गोल चांगला काळाभोर, ताजा. त्याच्याभोवती खोडरबराचा चुरा. तो झटकायला बोट फिरवलं आणि बोट अडलं. मी पेन्सिल फार दाबतो, लाकडात चर पडतो. पुन्हा फिरवलं. दोन तिरक्या रेघा, मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या.

ती आली तेव्हा माझं बोट तिथेच होतं. ती दारातच थबकली.

"ते आखूड रबर?" मी विचारलं. "आणि त्या पट्ट्या?"

तिने डबा खाली ठेवला. "तेही तुमचंच होतं, बाबा."

म्हणजे ती सगळी बोलणी तिने माझ्या वाटची खाल्ली. मला त्याची लाज वाटायला हवी होती, पण लाजेला जागाच नव्हती, इतका मी भ्यालो होतो. आज दाढी करताना मी सहा मापं म्हटली होती. ती सहाच होती का, बरोबर होती का, कोणाला ठाऊक? आरसा थोडाच चूक दाखवतो.

"आईला यातलं काही कळू देऊ नकोस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ती हाय खाईल. एवढं ऐक माझं."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने काठ माझ्या हातातून सोडवून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "खोडरबर आईनेच दिलंय."