आईने वाचलेली पहिली ओळ

बसमध्ये आईशेजारी बसायचं म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण आई वाचायची! लाँड्रीत इस्त्री करण्यात जन्म गेलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली होती, आणि खिडकीतून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची.

"औ...ष...धां...चं दु...कान! बघ, जमलं की नाही?"

"आई, हळू गं! लोक हसतात."

"हसू देत. त्यांचं काय जातंय?"

एकदा लेकीनेच गुपचूप तिचा व्हिडिओ काढला, त्याला गमतीचं संगीत लावलं आणि खाली एक ओळ टाकून सगळीकडे पाठवला. कॉलेजात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

फिरत फिरत तो व्हिडिओ लाँड्रीतही पोहोचला. बायकांनी दाखवला तेव्हा आईही खूष होऊन हसली. लेकीने कौतुकाने काढला असेल, असंच तिला वाटलं. मग डोळे बारीक करून तिने खालची ओळ वाचायला घेतली आणि कुणालाही न विचारता पुरी केली.

"आमच्या घरचं अडाणी ध्यान."

पाट्या सोडल्या तर तिने आपलं आपण वाचलेली ही पहिली ओळ होती. त्या दिवसापासून आई वर्गाला गेलीच नाही. शेवटी वर्गाच्या बाई चौकशीला घरी आल्या आणि सगळा प्रकार त्यांना कळला.

"आईने बघितल्याचं कळताच मी तो व्हिडिओ काढून टाकला हो, बाई," लेक म्हणाली. "नुसती गंमत होती."

"तू काढून टाकलास. पण तिने वाचलंय ना! लहानपणी तू बोबडं बोलायचीस, तेव्हा तिने चारचौघांत तुझी अशीच टर उडवली असती तर? तोंड उघडलं असतंस पुन्हा?"

लेकीला रडू आवरेना. ती आईच्या कुशीत शिरली. आईने तिचे डोळे पुसले.

"रागावले नाही गं मी. पण आता अक्षर दिसलं की छातीत धस्स होतं."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये लेकच मोठ्याने पाट्या वाचू लागली, मुद्दाम अडखळत. लोक वळून बघत होते, हसत होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. आपली चूक सुधारायला म्हणून तरी आई वाचेल, या आशेने ती वाचतच राहिली. आईने तिचा हात हातात घेतला, पण मान वर केली नाही.

मंडळी, शिकणारं माणूस तुमच्याआमच्या घरातही असेल. ते अडखळलं तर थोडं थांबा, पण हसू नका. माफी मागता येते हो, गेलेली हौस मात्र परत आणता येत नाही!