राईबाहेर थांबलेला

नखाच्या कडेला हिरव्या रंगाचा एक कण बसला होता. गुणाजीनं तो राखेनं घासला, काथ्यानं घासला, तरी जागचा हलेना... आणि मागे, गिरगावातल्या त्याच्या खोलीत, चटईवर धर्मामामा वाट बघत बसलेला. आजोळच्या गावचा माणूस. हल्ली परळच्या गिरणीत.

"अरे भाच्या, हात कसले धुतोस? हळद लागायचीय काय तुला? लिही ना!"

जंगलखात्याला अर्ज लिहायचा होता. गावची देवाची राई राखीव झाली, तिच्यासोबत झराही बंदीत गेला; बायका कोसभरावरून पाणी वाहत होत्या. गुणाजी त्याच खात्यात नकाशे काढतो, म्हणून तर मामा आला होता. त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की नकाशात राईभोवती ओढलेली ती हिरवी रेषा —

दोन वर्षांपूर्वी खात्यातल्या साहेबाच्या मनात आलं होतं, गावोगावच्या तुटक पायवाटा जोडून सह्याद्रीच्या माथ्यावरून एकच लांब वाट आखावी, दोन्ही अंगांचं रान कुऱ्हाडीपासून राखावं. केवढं सुंदर वाटलं होतं ते! मोजणीला गुणाजी साहेबाबरोबर हिंडला; दर शिवेवर एका गावचा वाटाड्या त्या दोघांना पुढच्याच्या हाती सोपवी, लेक सासरी धाडावी तसा हळवा होऊन. आजोळच्या शिवेवर मामाच उभा होता. राईत पायताण चालत नाही, म्हणाला. साहेबानं मुकाट बूट उतरवले. झरा रेषेबाहेर, गावाकडे सोडायचा, नीट मोजून घे, एवढं बजावून तो आत गेला. आणि गुणाजी? त्याचा मोजा अंगठ्यापाशी फाटला होता. साहेबाला दिसेल... एवढ्यासाठी, देवा, एवढ्याचसाठी तो राईबाहेर करवंदीच्या जाळीशी उभा राहिला, आणि झरा कुठे असेल ते त्यानं नकाशावर नुसत्या अदमासानं मांडलं.

"कोण मेला रेघ मारून गेला, देव जाणे," मामा म्हणाला. "बरं झालं बाबा, तू त्या दिवशी बाहेरच होतास. तुझ्यावर बोल नाय यायचा."

गुणाजीनं टाक उचलला. 'झऱ्याची जागा चुकीची दाखविली गेली' — कोणाकडून? टाक थांबला.

मामा कागदाकडे कौतुकानं बघत होता. त्याला अक्षर येत नव्हतं. काहीही लिहिलं असतं तरी त्यानं खाली अंगठा उठवला असता, भाच्याला आशीर्वाद देऊन परळला चालत गेला असता. दोन वर्षं गुणाजी भीत आला होता, की कुणाला कळलं तर... कुणालाच कळणार नव्हतं. आणि त्याला वाटलं, आता हे आपल्याला एकट्यालाच, जन्मभर, ठाऊक असणार.

"झालं का रे?" मामानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "रेघ मारणाऱ्याचं नाव राहिलंय."