नववी पायरी

मेंदूचा झटका येऊन गेला, मिस्त्री दवाखान्यातून घरी आले आणि आल्या आल्या त्यांनी भिंतीला नावं ठेवली. "ही भिंत झुकलीय," ते पलंगावरून म्हणाले. भिंत त्यांनीच तीस वर्षांपूर्वी बांधलेली. वरच्या मजल्यावरचं हे घरही त्यांच्याच हातचं आणि बाहेरचा चौदा पायऱ्यांचा जिनाही. जिन्याला कठडा का नाही, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "माझ्या जिन्यावरून आंधळासुद्धा उतरेल."

आता त्यांनाच उतरता येईना. डावा पाय लुळा पडलेला, आणि उभं केलं की सगळं अंग डावीकडे कलायचं. मुलाने पलीकडच्या गल्लीत तळमजल्याची खोली बघून ठेवली होती. महिनाअखेर बापाने स्वतःच्या पायांनी जिना उतरून दाखवला तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं. हे मिस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर लोकांची घरं उभी केली ती काय म्हातारपणी परक्याच्या खोलीत जाऊन पडायला?

व्यायाम करून घेणारी ताई रोज सकाळी यायची.

"काका, डावीकडे झुकताय."

"मी सरळ आहे. भिंत झुकलीय."

चार दिवस हेच चाललं. ताई चिकाटीची होती, पण इथे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बायकोने पलंगाखालची हत्यारांची पिशवी ओढली, ओळंबा काढला आणि दाराच्या चौकटीला टांगला. दोरीच्या टोकाचं पितळी वजन थोडं डुललं आणि थांबलं.

"अहो, माझं ऐकू नका, त्या पोरीचंही ऐकू नका," ती म्हणाली. "याचं तरी ऐका."

दोरी आणि चौकट, दोन्ही अगदी एका रेषेत होती. डोळा फसवतो, ओळंबा फसवत नाही, हे मिस्त्रींनी हाताखालच्या कितीतरी माणसांना शिव्या घालून शिकवलं होतं. भिंत सरळ होती, म्हणजे वाकडं कोण ते उघडच होतं. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. मग राग आला, आणि राग आला की मिस्त्री कामाला लागतात.

ओळंबा आरशासमोर आला. नाक दोरीवर, बेंबी दोरीवर.

"असं उभं राहिलं की उजवीकडे पडेन असं वाटतं," ते कुरकुरले.

"वाटू दे," ताई म्हणाली. "दोरी काय म्हणते?"

दोरीपुढे मिस्त्रींचं काही चालत नव्हतं. आधी दहा मोजेपर्यंत उभे राहिले, मग शंभर, मग काठी घेऊन खोलीभर चालले. ताई गालातल्या गालात हसायची.

महिनाअखेरीला सकाळीच ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. मुलगा दोन पायऱ्या खाली, बायको तळाशी. काठी, डावा पाय, उजवा पाय. आठ पायऱ्या बिनबोभाट झाल्या. नवव्या पायरीला डावा पाय वाटलं त्यापेक्षा खोल गेला, धक्का बसला आणि अंग कललं. मुलाने हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

मिस्त्रींनी डोळ्यांसमोर दोरी आणली आणि नाक तिच्यावर नेलं. ते उभे राहिले.

खालून बायको म्हणाली, "नववी ना? मी तीस वर्षं चढताना तिथेच ठेचकाळतेय. सांगितलं की म्हणता, खाली बघून चाल."

मिस्त्री उरलेल्या पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "टेप आण."

मुलाने मोजलं. बाकी सगळ्या पायऱ्या सात इंच उंच. नववी साडेसात.

"म्हणजे माझा पाय बरोबर होता," मिस्त्री खूश होऊन म्हणाले.

"आणि मी?" बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या वर्षांत आपली चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

"तू तर तीस वर्षं बरोबर होतीस," ते म्हणाले आणि मुलाकडे वळले. "त्या खोलीवाल्याला नाही म्हणून सांग. आणि माझी थापी आण. हातासरशी कठड्याचंही माप घे."