डाव्या डोळ्यामागचा ठिपका

स्कॅन केंद्रातल्या त्या संगणकात चित्र दाखवण्याच्या दोन सोयी होत्या. एक प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेलं साधं ग्राफिक्स, दुसरं स्वतंत्र, ताकदीचं ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड आता थकलं होतं. तापलं की पंखा घरघरायचा आणि पडद्यावर लाल ठिपके उमटायचे. मग सेटिंगमध्ये जाऊन साध्या ग्राफिक्सवर यायचं, ठिपके गेले की काम पुढे रेटायचं, हे तिथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या दुपारी स्कॅनच्या यंत्रावरून उतरली ती तिथल्या तंत्रज्ञ बाईची धाकटी नणंद. महिनाभर तिचं डोकं ठणकत होतं.

"वहिनी, मेंदू सापडला का गं?" केस सारखे करत नणंदेने विचारलं.

"शोधतेय. वेळ लागेल, असं तुझा भाऊ म्हणालाच होता."

"त्याचा शोधायला बसलीस तर नोकरी जाईल तुझी!"

हसत हसतच तिने पडद्याकडे पाहिलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं उमटलं होतं आणि डाव्या डोळ्यामागे, एका फाट्यावर, लाल ठिपका होता. पंखा घरघरत होता. झालं सुरू याचं, असं पुटपुटत तिने साधं ग्राफिक्स लावलं. ठिपका नाहीसा झाला.

डॉक्टर घाईत होते. त्यांनी चित्र फिरवून पाहिलं. "वरवर तरी स्वच्छ दिसतंय. बारकाईने संध्याकाळी बघतो. जाऊ द्या त्यांना घरी."

नणंद स्कूटरची किल्ली फिरवत निघून गेली.

पुढच्या रुग्णाचं काम जड होतं, म्हणून तिने पुन्हा स्वतंत्र कार्ड लावलं. नणंदेचं चित्र उघडंच होतं. ठिपका परत आला, त्याच फाट्यावर.

पंखा मात्र आता शांत होता.

तिने माऊस धरला आणि चित्र हळूच फिरवलं. कार्डाच्या दोषाचे ठिपके काचेवरच्या डागासारखे जागच्या जागी राहतात. चित्र त्यांच्याखालून सरकतं. हा ठिपका रक्तवाहिनीबरोबर फिरला. बाजूने पाहिल्यावर त्याला फुगवटा होता, बारीक मान होती. रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला, डोळ्याच्या नसेला खेटलेला आणि कधीही फुटू शकणारा फुगा. साध्या ग्राफिक्सला झेपावं म्हणून प्रोग्राम बारीक तपशील आपणहून गाळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवख्यांना तीच शिकवायची.

"डॉक्टरांना बोलवा, ताबडतोब!" दाराकडे ओरडून तिने फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"काय गं वहिनी, काही राहिलं का माझं तिथे?" मागे रहदारीचा आवाज होता.

"कुठे आहेस?"

"सिग्नलपाशी, कडेला थांबलेय. गंमतच आहे बघ. डावी पापणी मिटलीय ती उघडतच नाहीये."

"किल्ली काढ," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "खाली बस. मान हलवू नकोस. आम्ही गाडी घेऊन येतोय."

"अगं, पण डॉक्टर तर म्हणाले, स्वच्छ दिसतंय..." नणंद अजून हसत होती.