सासूबाईंना दिवस गेले

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, आणि जिन्याखाली चपलांचा असा ढीग झाला की परत जाताना आपलीच जोडी पायात येईल याची खात्री नाही. समोरच्या भिंतीवर बाळांचे फोटो लावलेले. हसरी, रडकी, पालथी पडलेली, अंगठा चोखणारी. वरपासून खालपर्यंत बाळंच बाळं. त्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यांतल्या ओंजळताई बसत. समोर आलेल्या बाईच्या पोटाशी दोन्ही हातांची ओंजळ धरत, डोळे मिटत आणि हळूच म्हणत, "आलंय गं. दार उघड."

एवढ्यावर बाई रडायला लागे. मग तिच्या हातात कापडात गुंडाळलेल्या दोन पांढऱ्या वाट्या पडत, लागोपाठच्या दोन सकाळींसाठी. पहाटेची लघवी या वाटीत घ्यायची आणि मेडिकलमधून आणलेली गर्भाची पट्टी तिच्यात बुडवायची. वाटी मात्र धुवायची नाही, धुतली की आशीर्वाद वाहून जातो. दोन रेघा उमटल्या की तीन महिने डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, कारण यंत्राची नजर कोवळ्या जिवाला सोसत नाही.

मागच्या रांगेत आपल्या सुनेच्या शेजारी एक बाई हाताची घडी घालून बसली होती. तिची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. मिशी फुटलेल्या मुलाचं अर्धं तिकीट मागणारे बाप, तपासनीस चढला रे चढला की घोरायला लागणारे गृहस्थ, असे नग तिने आयुष्यभर पाहिले होते. नोकरी संपली, नजर काही संपली नव्हती. 'ही पिशवी तेवढी उघडू नका' असं ज्याने म्हणावं, त्याचीच पिशवी ती आधी उघडायची. धुवायची नाही म्हटल्यावर तिचं लक्ष वाटीवरून हटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पट्टी नाचवत बाथरूममधून बाहेर आली. दोन ठसठशीत गुलाबी रेघा.

लग्नाला अकरा वर्षं झालेली. दवाखान्यात शरीराबाहेर तयार केलेला गर्भ दोनदा तिच्या गर्भाशयात सोडून पाहिला, दोन्ही वेळा राहिला नाही. आता तिथे एकच उरला होता, गोठवून ठेवलेला. ओंजळताईंनी तेही सुनेच्या तोंडून काढून घेतलं होतं. जीव बर्फात ठेवणं हे पाप, तो तिथे अडकलाय तोवर पोटातल्याची वाट मोकळी होणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा सोमवारी मुलाने आणि सुनेने दवाखान्यात जायचं, तपासणी न करता नुसत्या सह्या करायच्या आणि तो गर्भ नष्ट करायला सांगायचं, असं चहा व्हायच्या आत ठरलं.

कंडक्टरबाईंनी आपल्या प्राध्यापक नवऱ्याकडे पाहिलं. प्राध्यापकांनी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलेलं. जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख, ही त्यांची एकच फूटपट्टी. दवाखान्याची गोष्ट निघाली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. याच फूटपट्टीने त्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं: कुणाचं नुकसान नाही, एका घराचं सुख वाढतंय, मग यात अनैतिक काय? आता तीच फूटपट्टी त्यांनी वाटीला लावली.

"सून हसतेय, पोरगा शीळ घालतोय," ते म्हणाले. "या घरात दुःखी कोण आहे, दाखव मला."

"अहो, डेपोतून गाडी निघाली तेव्हा तुम्ही माणसं मोजलीत. अर्ध्या वाटेत ज्यांना उतरवलं, ती कोण मोजणार?"

"म्हणजे?"

"भिंतीवर फोटो आहेत ते मूल झालेल्यांचे. ज्यांना नाही झालं, त्यांचे कुठं लावतात?"

प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. उत्तर सुचेना की त्यांच्या काचांवर धूळ बसते.

खरं म्हणजे कंडक्टरबाईंचाही पाय अडखळत होता. सून स्वयंपाकघरात गुणगुणत होती. हे गुणगुणणं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. नुसतं हसण्यापुरतं असतं तर त्यांनी आपला संशय गिळला असता. पण सोमवारी जे नष्ट होणार, ते मंगळवारी परत मागता येणार नव्हतं.

दुपारी घर रिकामं झालं. त्यांनी मेडिकलमधून दोन पट्ट्या आणल्या. दुकानदाराने आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग यांच्या पांढऱ्या केसांकडे, आणि शहाण्यासारखा सुटे पैसे मोजायला लागला. उद्यासाठी ठेवलेली दुसरी वाटी त्यांनी कापडातून काढली. स्वतःचा अर्धा नमुना घरातल्या स्वच्छ डबीत, अर्धा ताईंच्या वाटीत. डबीतल्या पट्टीवर एक रेघ आली. वाटीतल्या पट्टीवर दोन.

कंडक्टरबाई बाथरूममधल्या स्टुलावर टेकल्या. पाळी जाऊन एक तप झालेलं, आणि आता त्यांना दिवस गेले होते.

संध्याकाळी त्यांनी सुनेला जवळ बसवलं आणि ती पट्टी पुढे ठेवली. "ही माझी," त्या म्हणाल्या. सून आधी खो खो हसली. मग हसू कुठेतरी अडलं आणि चेहरा हळूहळू उतरत गेला. ती उठली, घरातलाच एक ग्लास घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पट्टीवर एकच रेघ होती.

रात्री जेवणं झाली. ताटं उचलताना ती म्हणाली, "आणखी महिनाभर तरी राहू द्यायचं होतंत, आई."

"राहू दिलं असतं गं. तुझं सुख हिसकावून मला काय मिळायचंय? पण त्याची किंमत तू सोमवारी देणार होतीस, आणि ती किती हे तुला कुणी सांगितलं नव्हतं."

सोमवारी दोघी दवाखान्यात गेल्या, पण सही करायला नव्हे. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. गर्भ राहिला की बाईच्या शरीरात एक द्रव्य तयार होतं. पट्टी ओळखते ते फक्त त्या द्रव्याला. बाळ आहे की नाही हे तिला कळत नाही. तेच द्रव्य इंजेक्शनसाठी औषधाच्या दुकानात मिळतं. वाटीच्या तळाला त्याचा हात फिरवून वाळवलं, तर डोळ्यांना काही दिसत नाही.

पुढच्या बैठकीला हॉल तसाच गच्च भरला होता. या वेळी सुनेसोबत कंडक्टरबाई आणि प्राध्यापकही आले होते. सुनेने रांगेत उभं राहून नवी वाटी घेतली आणि जागची हललीच नाही. पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली, सगळ्यांसमोर तिचं सील फोडलं, वाटीत पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. मग ती पट्टी तिने उंच धरली.

"ताई," ती म्हणाली, "पाण्याला दिवस गेलेत."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. जिन्याजवळची एक किडकिडीत बाई उभी राहिली. तिला दोनदा रेघा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा महिन्याभरात सगळं वाहून गेलं होतं. तिच्या मनात किंतु होता म्हणून बाळ थांबलं नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिने वाटीकडे बोट दाखवून विचारलं, "म्हणजे ते नव्हतंच? मी मारलं नाही त्याला?"



ओंजळताई सावरल्या. "मी कुणाचं वाईट केलं? थोडे दिवस का होईना, आई होण्याचं सुख दिलं ना?"

उत्तर द्यायला प्राध्यापक उठले.  "हाच हिशेब मीही मांडला होता, बाई. चुकला. मी फक्त हसणारे मोजले. ही मोजायची राहिली."

किडकिडीत बाई अजून उभीच होती. कंडक्टरबाईंनी तिला शेजारी जागा करून दिली. ताई केव्हा उठून आत गेल्या ते कुणी पाहिलं नाही. भिंतीवरची बाळं तेवढी हसत राहिली. त्यांतली किती दवाखान्यातली आणि किती आपसूक झालेली, हे त्यांच्या आयांनाच ठाऊक.

डॉक्टरबाईंनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं की तिच्यासारख्या तिघींतल्या एकीला यश येतं, दोघींना येत नाही. तिने दोन दिवस विचार केला आणि तो शेवटचा गर्भ सोडून घ्यायचं ठरवलं. पुढे काय झालं ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं, तर तुम्ही लगेच मनातल्या भिंतीवर एक फोटो लावाल किंवा काढाल, आणि ओंजळताईंची तरी याहून वेगळी रीत कुठे होती?

मूल हवंसं वाटण्यात लाज नाही, आणि ते डॉक्टरच्या मदतीने होण्यात पाप नाही. नाही झालं, तर तो कुणाच्या श्रद्धेचा दोष नाही. 'कदाचित' म्हणणाऱ्याला आणखी चार प्रश्न विचारा. 'नक्की' म्हणणारा भेटला आणि वर भांडं धुऊ नका म्हणाला, तर त्याचं भांडं आधी घासून बघा.