यानांगदेवीचा लाल डोळा

चिंचेच्या झाडात तोंड घुसलेल्या त्या पिकअपभोवती सकाळपासून झुंबड उडाली होती. बाया नंबरप्लेटवर पावडर चोळून लॉटरीचे आकडे शोधत होत्या. कुणी चेपलेल्या बॉनेटवर झेंडूच्या माळा चढवत होतं. आणि जो तो एकच म्हणत होता, "यातून माणूस जिवंत निघाला! आचानांची कृपा, दुसरं काय!"

आचान खेमथात शेजारीच मांडव घालून बसले होते. आचान म्हणजे गुरू. अंगात पांढरा झगा असला तरी ते भिक्षू नव्हते. आमच्या विहारातल्या म्हाताऱ्या भिक्षूंपुढे त्यांचं नाव काढलं, की भिक्षू पंख्यानं वारा घेत पावसापाण्याचं विचारायचे.

"काळ स्टिअरिंगवर येऊन बसला होता!" आचान माइकवर सांगत होते. "यानांगदेवीनं त्याचा हात धरला. म्हणाली, अरे मेल्या, हा खेमथातचा माणूस आहे, याला सोड! काळ ओशाळला. माझं नाव ऐकून काळ ओशाळतो, तिथं तुमच्या गाड्यांतल्या भुताखेतांची काय कथा!"

गाडीत यानांगदेवी राहते, हे आमच्या ईसान भागात लहान पोरसुद्धा मानतं. रस्त्याला लागण्याआधी तिला फूल वाहायचं, हात जोडायचे. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. बिघडवलं ते आचानांनी. स्टिअरिंगमागच्या डायलवर, सीटवर बसलेल्या माणसाचं चित्र असलेला जो लाल दिवा असतो, तो म्हणजे देवीचा रागावलेला डोळा, असं त्यांनी ठरवून टाकलं. डोळा लाल झाला की आचानांकडे जायचं. ते गाडीवर पांढरी चादर टाकत, शिष्याला घेऊन आत शिरत, बाहेर घंटा आणि झांजा सुरू होत. चादर निघेपर्यंत डोळा मिटलेला असे.

गर्दीच्या कडेला लामदुआन उभी होती. हमरस्त्यावर तिचं दुकान होतं. गाड्यांना स्क्रीन, हॉर्न, जादा दिवे, सीटकव्हर बसवून द्यायची. ड्रिल चालवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

तिला पाहताच अपघातात सापडलेल्या थोंगबायची बायको धावत आली. खाम्पेंग तिचं नाव. तिनं लामदुआनचे दोन्ही हात घट्ट धरले.

"ताई, तुम्ही आचानांकडे पाठवलंत म्हणून माझं कुंकू शाबूत राहिलं हो! तुमच्यासाठी चिकटभात आणि फणस आणलाय. नाही म्हणू नका."

लामदुआननं डबा घेतला.

त्या पिकअपमध्ये मोठा स्क्रीन तिनंच बसवला होता. घाईत होती. बॅटरीची तार न काढताच तिनं डॅशबोर्डमध्ये स्क्रू पिळला होता. गाडी सुरू केली तर लाल दिवा विझेना. आत कुठली तरी तार दुखावली, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण सगळा डॅश पुन्हा उघडायचा, थोंगबायसमोर चूक कबूल करायची, म्हणजे गावभर शोभा. ती हसून म्हणाली होती, "भोकं पाडली ना, देवी रुसली असेल. आचानांकडे नेऊन आणा."

दिवा विझला. तिला हायसं वाटलं. मग असं कुठल्याही गाडीत झालं की ती तिकडेच बोट दाखवू लागली.

एकदा आचानांकडून आलेल्या एका गाडीचा डायल तिनं दुसऱ्याच कामासाठी उघडला. लाल दिव्याच्या मागे बल्बच नव्हता. रिकामी खोबण. तिनं झाकण परत लावून टाकलं. कुणाला बोलली नाही.

खाम्पेंगचा तो डबा घेऊन ती तडक इस्पितळात गेली. थोंगबायचं तोंड पट्ट्यांनी झाकलेलं होतं. जबडा तारेनं बांधलेला.

डॉक्टर ओरावी बाहेर आल्या तशी तिनं विचारलं, "बरे होतील ना?"

"जिवाचा धोका टळलाय. उजवा डोळा मात्र गेला," डॉक्टर म्हणाल्या. "मला एक कळत नाही. पट्टा बांधलेला होता, छातीवर वळ आहे. धडक समोरून. मग तोंड स्टिअरिंगवर आपटलं कसं? एअरबॅग फुगायला हवी होती. ती उघडलीच नाही. का नसेल उघडली?"

लामदुआननं डबा खाली ठेवला. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. आणि तिथंच बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? मांडवात गाड्यांची रांग लागलीय. तिथं सांगा. माझी गाडी घेऊन मी येते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लामदुआन मांडवात शिरली आणि आचानांसमोर उभी राहिली.

"आचान, ज्यांचे डोळे तुम्ही मिटवलेत, त्या गाड्या एकदा सुरू करायला सांगा."

"देवीची झोपमोड करायची?" आचान हसले. "बाई, पाप लागेल."

"पाप मला लागलंय केव्हाच. अहो, तुम्ही सगळे जरा इकडे बघा! डॉक्टरांच्या गाडीवर कुठलाच मंत्र झालेला नाही. डॉक्टरताई, किल्ली फिरवा."

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. क्षणभरानं तो आपोआप विझला.

"असा दिवा चांगला," लामदुआन म्हणाली. "गाडी जागी होताना तो तपासणी करतो, सगळं ठीक असलं की विझतो. आता आचानांनी डोळा मिटवलेल्या गाड्या सुरू करा."

कुणी हसत, कुणी कुरकुरत किल्ल्या फिरवल्या. एकाही गाडीत दिवा लागला नाही. क्षणभरसुद्धा नाही.

"मग! शांत झालीय ना देवी!" आचान माइकवर ओरडले. "वाजवा रे घंटा!"

"शांत झालेली नाही. तिचं तोंड दाबलंय." लामदुआननं एका म्हाताऱ्याच्या पिकअपचा डायल सर्वांदेखत उघडला. "आजोबा, बोट घाला इथं. काय लागतंय?"

"काहीच नाही गं. भोक आहे नुसतं."

"तिथं बल्ब असतो. चादरीखाली यांनी तो काढला. स्क्रूड्रायव्हरचा आवाज लपवायला घंटा आणि झांजा. नव्या गाडीत आतून काळी पट्टी चिकटवतात. दिवा सांगत होता की एअरबॅग मेलीय, दुरुस्त कर. यांनी सांगणाऱ्यालाच गप्प केलं."

शिष्य मांडवामागून पळायला लागला, त्याला कुणीतरी धरलं. त्याच्या झोळीतून बल्ब खळखळले. आचान माइक टाकून उठले, पण म्हातारा काठी आडवी धरून उभा होता. "बसा की! काळ ओशाळतो ना तुम्हाला? मग आम्हाला का घाबरता?"

हशा झाला. खाम्पेंग मात्र हसली नाही. ती लामदुआनसमोर आली.

"आमच्या गाडीतली एअरबॅग कुणी बिघडवली, ताई?"

"मी. स्क्रीन बसवताना तार दुखावली, मुद्दाम नाही, पण मीच. आणि बल्ब काढतात हे कळल्यावरही मी गप्प बसले."

"म्हणजे मी तुमचेच उपकार मानत होते." खाम्पेंगचा आवाज अगदी खाली आला. "माझा डबा परत द्या."

लामदुआननं रिकामा, धुतलेला डबा तिच्या हातात ठेवला. आतलं अन्न तिनं इस्पितळात वाटून टाकलं होतं.

आचानांना पोलिसांनी नेलं. पोलीस लामदुआनच्याही दुकानात आले, आणि तिनं काहीच लपवलं नाही. आता ती एकेक गाडी बोलावून घेते. आधी बॅटरी सोडवते, थोडा वेळ थांबते, मगच डॅशला हात लावते. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या तारांच्या वाटेला जात नाही, एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती काय, घड्याळसुद्धा चिकटवू देत नाही. जे आपल्याला जमणार नाही ते कंपनीच्या कारागिराकडे पाठवते, आणि तसं तोंडावर सांगते. एक डोळा गमावलेला थोंगबाय रस्त्यावरून जातो. ती नमस्कार करते. तो कधी मान हलवतो, कधी नाही.

देवीला फूल जरूर वाहा. पण दिवा विझला म्हणजे दोष गेला, असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: दोष नेमका कुठं होता आणि तुम्ही काय दुरुस्त केलंत, ते उघडून दाखवा. जो दाखवणार नाही, त्याच्या हातात आपली गाडी देऊ नका, आणि आपला माणूसही.