डोळ्यातला पडदा

मोखाड्याच्या बाजारात त्या दिवशी चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पडदेबाबा चौथऱ्यावर बसले होते, समोर घमेल्यात निखारे. माणूस पुढे आला की बाबा अंगठ्याने त्याची पापणी उलटवीत, "निकल, काली नजर, निकल!" असं गरजत आणि डोळ्यातून नखाएवढा चकचकीत पडदा उचलून दाखवीत. लोक हात जोडत. पडदा लगेच निखाऱ्यावर पडे, वर उदाची मूठ.

"छूना मत! छुएगा वो अंधा होगा!"

गवतकापणीचे दिवस होते. फुलोऱ्याची धूळ रानभर उडत होती आणि अर्ध्या बाजाराचे डोळे लाल होते.

गर्दीच्या कडेला राही उभी होती. ती जव्हारच्या शाळेत शिकवायची. आईच्या वर्षश्राद्धाला गावी आली होती. गेल्या कापणीत आई याच चौथऱ्यावर बसली होती. पुढच्या आठवड्यात तिचं एक बुबुळ पांढरं झालं. ज्या बाजूने दिसत नव्हतं, त्याच बाजूने ती ओहळाच्या कड्यावरून पडली आणि गेली. खाली हंडा सापडला, चेपलेला. आणि आज धाकटी बहीण कमू डोळे चोळत रांगेत उभी होती.

"कमू, घरी चल."

"ताई, खाज सोसवत नाय गं. सुकरी आत्याला बरं वाटलं ना!"

"वाटलंच," शेजारी उभी आत्या म्हणाली. "पडदा काढला न् डोळा कसा हलका झाला. दोन बुकं शिकलीस म्हणून देवाला भिणार नाय का?"

"भितेच आहे, आत्या."

तेवढ्यात वारा फिरला. उदाच्या खालून एक करपट वास आला आणि राहीला आईची चूल आठवली. आई निखाऱ्यावर मासा भाजायची, तेव्हा असाच वास घरभर व्हायचा.

कमूची पाळी आली. राही तिच्या पुढे जाऊन बसली. "आधी माझा."

बाबांनी तिच्या डोळ्यात पाहिलं. "बेटी, बहुत मोठा पडदा आहे! कुणी तरी करणी केली."

राहीचे डोळे आजवर कधी खाजले नव्हते. पळावंसं वाटलं, पण अंगठा आलाच होता. पापणीखाली काही तरी टोचलं. बाबांनी 'निकल' म्हणण्याआधी तिने डोळा घट्ट मिटला, त्यांचं मनगट झटकलं आणि ती उठली. डोळ्यातून धार लागली होती. आईचं पांढरं बुबुळ समोर होतं. हात चोळायला वर येत होता. तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"कमू, पाणी ओत. हळू."

कमूने चौथऱ्याजवळचा तांब्या उचलून ओतला. राही पापण्या मिटत-उघडत राहिली, आणि पडदा गालावरून तिच्या तळहातावर उतरला.

"छूना मत!" बाबा ओरडले.

"धरलाय. आत्या, घ्या, बघा."

आत्याने भीतभीत तो घेतला, बोटांत फिरवला, नाकाशी नेला. "अगं बाय! हा तं माशाचा खवला! सारा जनम विळ्यावर हेच काढत आले मी!"

कुणी तरी बाबांच्या कमरेची कनवट ओढली. ओल्या पानात बांधलेले खवले भुईवर सांडले. "बाबा, मासा कुठं ठेवला? कालवण तरी करू!" कुणी ओरडलं. हसू उठलं आणि लगेच विझलं. जो तो आपला डोळा चाचपत होता.

"पण मला आराम पडला होता," आत्या पुटपुटली.

"टोचणी त्यानेच घातली, त्यानेच काढली. टोचणी गेली की आराम वाटणारच. खाज धुळीची. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं, गवताचा फुलोरा काहींच्या डोळ्यांना सोसत नाही. कापताना तोंडाला ओला फडका बांधायचा, चोळायचं नाही, स्वच्छ गार पाण्याने धुवायचं. तरी दुखलं, तर दवाखाना. खवल्याने ओरखडा पडतो, ओरखडा चिघळतो."

"म्हणजे वहिनीचा डोळा…" आत्याने खवला भुईवर टाकला.

राहीने मान डोलावली. मग कमूचे डोळे धुऊन त्यांवर ओला फडका ठेवला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसली.

बाजारहाट करणाऱ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा. कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर ते आधी आपल्या तळहातावर मागा. हात लावला तर आंधळे व्हाल असं तो म्हणाला, तर हात तिथेच लावा. राहीच्या आईला हे सांगायला त्या दिवशी कुणी नव्हतं.